जर्मनीत पीआर: मोजणी पहिल्या महिन्यापासून सुरू होते

मुक्कामपोस्ट:

फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्या हातात नीडरलासुंग्सएरलाउबनिसचं कार्ड आलं. म्हणजे जर्मनीत कायमचं राहण्याचा परवाना. आपण सगळे त्याला पीआरच म्हणतो, मीही तेच म्हणेन. या कार्डासाठी मला ऑक्टोबर २०२३ मध्येच अर्ज करता आला असता. मधले महिने कसे काढले ते आठवलं की अजूनही पोटात खड्डा पडतो. नव्याने येणाऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून हा धागा काढतेय.

मी जानेवारी २०२२ मध्ये ब्ल्यू कार्डवर, म्हणजे पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, आले. नियम तेव्हाही साधा होता: बी१ पातळीचं (मध्यम) जर्मन असेल तर २१ महिन्यांच्या नोकरीनंतर पीआर, नुसतं ए१ (अगदी प्राथमिक) असेल तर ३३ महिन्यांनी. १८ नोव्हेंबर २०२३ पासून त्या ३३ चे २७ झाले, २१ मात्र तसेच राहिले. माझं ऑफिस पूर्ण इंग्रजीत चालायचं. संध्याकाळी दमून घरी यायचं आणि जर्मनचा क्लास पुढच्या महिन्यावर ढकलायचा, असं दीड वर्ष चाललं. सप्टेंबर २०२३ ला २१ महिने पूर्ण झाले तेव्हा माझ्याकडे ए१ चं प्रमाणपत्र होतं आणि दुकानात चार वाक्यं बोलण्यापुरता धीर होता.

फेब्रुवारी २०२४ अखेर कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. म्हणजे पीआर असता तर ती फक्त नोकरी गेली असती. ब्ल्यू कार्डवर असताना नोकरी गेली की त्याबरोबर इथे राहण्याचा आधारच डळमळतो. रात्री झोप लागायची नाही. नवऱ्याचा परवाना माझ्या परवान्यावर होता, भाड्याचं घर माझ्या पगारावर होतं.

त्या दिवसांत दोन गोष्टी वेळेवर केल्या म्हणून निभावलं. नोकरी जाणार हे कळलं त्या दिवसापासून तीन दिवसांच्या आत आगेन्टुअर फ्युअर आर्बाइटकडे, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नाव नोंदवलं. नोटीस तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर ही नोंद शेवटच्या दिवसाच्या तीन महिने आधी करायची असते, कमी असेल तर तीन दिवसांत. उशीर झाला तर बेकारभत्त्याला कात्री लागते. दुसरं म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी लोकांचे परवाने बघणारं कार्यालय) दोन आठवड्यांच्या आत लेखी कळवलं. हे कळवणं कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे, अनेकांना ते माहीतच नसतं. लोक घाबरून गप्प बसतात आणि ते गप्प बसणंच पुढे अंगाशी येतं.

बेकारभत्ता, म्हणजे आर्बाइट्सलोसनगेल्ड, हा आपला हक्क आहे. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने वर्गणी भरलेली असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७ टक्के. तो घेतला की व्हिसा खराब होतो ही समजूत चुकीची आहे. आपणच भरलेल्या विम्याचे ते पैसे आहेत.

त्या तीन महिन्यांत मी दिवसाचे सहा-सहा तास जर्मन केलं आणि बी१ पास झाले. जूनमध्ये नवी नोकरी लागली. पण आमच्या आउसलेंडरबेहोर्डेने सांगितलं, प्रोबेत्साइट (नोकरीचा चाचणी काळ) संपल्यावर अर्ज करा. ते सहा महिने आणखी गेले. जे जर्मन मी तीन महिन्यांत केलं ते आधीच्या दीड वर्षात आरामात झालं असतं. या धाग्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र विसरू नका: आल्या आठवड्यात फोल्कहोखशूलेमध्ये (सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्र) जाऊन क्लासला नाव घाला.

आता कागदांबद्दल. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) करायचं, त्यासाठी घरमालकाची सही असलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग लागतं. मग टपालाने ११ आकडी कर-क्रमांक येतो. इथे टपाल फार गांभीर्याने घ्यावं लागतं. पेटीवर आपलं आडनाव नसेल तर पत्र परत जातं आणि त्या पत्रातली मुदत मात्र चालूच राहते. पीआरच्या वेळी पेन्शनचा पुरावा म्हणून डॉयचे रेन्टनफेरझिशरुंगकडून (सरकारी पेन्शन संस्था) फेरझिशरुंग्सफेरलाउफ, म्हणजे वर्गणीचा उतारा, मागवायचं. त्यात महिना-महिना नोंद असते. वर्षातून एकदा मागवून तपासा, एखादा महिना गळला असेल तर तो लगेच दुरुस्त होतो. याखेरीज 'लेबन इन डॉयचलांड' ही इथल्या कायद्याबद्दल आणि समाजाबद्दलची परीक्षा लागते. ३३ प्रश्न, चार पर्यायांतून एक निवडायचा, सगळे ३१० प्रश्न आधीच जाहीर असतात. पीआरला १५ उत्तरं बरोबर आली तरी चालतात, पण १७ आली तर तेच प्रमाणपत्र पुढे नागरिकत्वालाही चालतं. तेव्हा १७ डोळ्यासमोर ठेवूनच बसा.

फोटोचंही सांगते. मे २०२५ पासून परवान्यासाठी कागदी फोटो घेत नाहीत, डिजिटलच लागतो. एका मैत्रिणीला त्यामुळे टर्मिनहून (कार्यालयातल्या ठरलेल्या भेटीहून) परत यावं लागलं.

नवप्रवासी:

ताई, हे वाचून आजच क्लास शोधायला घेतला. मला ऑफर आली आहे, पगार वर्षाला ५२,००० युरो. ब्ल्यू कार्डला पुरेल का? लग्नाला वर्ष झालंय, बायकोला बरोबरच आणायचं आहे. भारतातून कुठले कागद घेऊन निघायचे?

मुक्कामपोस्ट:

पुरेल. २०२६ साठी मर्यादा ५०,७०० आहे. आयटी, इंजिनिअरिंग, डॉक्टरी अशा टंचाईच्या क्षेत्रांत आणि नुकती पदवी मिळालेल्यांना ४५,९३४.२० चालतात. आकडा दर जानेवारीत वाढतो, त्यामुळे अर्ज कुठल्या वर्षात पडतोय ते बघा. शिवाय तुमचं विद्यापीठ आनाबिनच्या (परदेशी पदव्यांची जर्मन सरकारी नोंद) यादीत एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते आधी तपासा. विद्यापीठ किंवा पदवी तिथे सापडली नाही तर झेडएबी या परदेशी शिक्षण तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं.

कागदांबद्दल अबोलीताईंनी लिहावं, त्यांनी फार सोसलं आहे.

अबोली:

लिहिते. आम्हाला सगळ्यात जास्त त्रास नावांनी दिला, आणि आपल्याकडच्या प्रत्येकाला तो होऊ शकतो.

आपण नाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव असं लिहितो. पासपोर्टमध्ये पहिली दोन एकत्र 'गिव्हन नेम' मध्ये जातात. जर्मन कार्यालयाला वाटतं की ही दोन्ही तुमची स्वतःचीच नावं आहेत. माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, पदवीवर माहेरचं नाव, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि त्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. मुलगी झाली तेव्हा श्टांडेसआम्टने (जन्म-विवाह नोंदणी कार्यालय) विचारलं, या तिघी एकच बाई आहेत याचा पुरावा काय? बाळाचा जन्मदाखला अडकला. दाखला नाही म्हणून बाळाचा पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही म्हणून परवाना नाही. ओल्या बाळंतपणात मी त्या कार्यालयात फेऱ्या मारत होते.

म्हणून निघण्याआधी एका सकाळी सगळे कागद शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक असेल तिथे भारतातच दुरुस्ती करून घ्या, किंवा निदान राजपत्रातली नोंद आणि प्रतिज्ञापत्र सोबत घ्या. स्वतःचा जन्मदाखला उघडून बघा. पुष्कळ जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घ्या. आई-वडील तिकडे आहेत तोवर हे काम सोपं आहे.

आणि ॲपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. भारत २००५ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. म्हणून जर्मनीत भारतीय कागदावरच्या ॲपोस्टिलला ती किंमत नाही. इथलं कार्यालय शंका आली तर तुमचे कागद भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत प्रत्यक्ष पडताळायला पाठवतं. त्याचा खर्च आपला आणि काही महिने जातात. एजंटला ॲपोस्टिलचे पैसे देण्याआधी ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्यालाच विचारा. भाषांतर मात्र जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करा, ते सगळीकडे बिनतक्रार चालतं.

चांदणवेल:

नवप्रवासी, तुमच्या बायकोबद्दल मी लिहिते, कारण मी स्वतः नवऱ्यामागून आले.

ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए१ ची अट नाही, आणि आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. हे सगळे आनंदाने सांगतात. पण ए१ ची सूट आहे म्हणून भाषा न शिकता येणं हे तिच्यासाठी फार वाईट ठरतं. तुम्हाला ऑफिस असेल, चार सहकारी असतील. तिला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चार भिंती असतील. मी भारतात सात वर्षं शिकवत होते आणि इथे आल्यावर डॉक्टरकडे फोन करायलाही नवऱ्याची वाट बघायचे. त्या वर्षात मी स्वतःला ओळखेनाशी झाले होते. इंटेग्राट्सिओन्सकुर्सला (नव्याने आलेल्यांसाठीचा सरकारी अभ्यासक्रम) जायला लागले तिथून बदल झाला. ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज. वर्गात सीरिया, युक्रेन, ब्राझीलच्या बायका होत्या. आमची सगळ्यांची समान भाषा मोडकं जर्मन हीच होती, आणि त्यामुळेच ती भीडेशिवाय आली.

नियमाचा एक फायदा कमी जणांना माहीत आहे. तुम्हाला कुशल कामगार म्हणून पीआर मिळाला की जोडीदाराला तीन वर्षांच्या परवान्यानंतर स्वतःचा पीआर मागता येतो. आठवड्याला किमान २० तासांची नोकरी हवी, बी१ आणि बाकीच्या नेहमीच्या अटी. तिचा परवाना तिच्या नावावर उभा असणं फार महत्त्वाचं आहे. आयुष्यात काय होईल सांगता येत नाही.

नवप्रवासी:

चांदणवेल, तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. ती गोएथे या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या वर्गाला इथूनच नाव घालतेय.

एक विचारायचं होतं. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी एक खोली मिळतेय, स्वस्त आहे, पण तो माणूस म्हणतो अनमेल्डुंग करता येणार नाही. चालेल?

मुक्कामपोस्ट:

नाही. अनमेल्डुंग नाही तर परवान्यासाठी अर्ज कुठल्या शहरात करायचा हाच प्रश्न उभा राहतो, कर-क्रमांक येत नाही, पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जातो. थोडं महाग पडलं तरी नोंदणी देणारी जागा घ्या. घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा (इतर खर्च सोडून नुसतं भाडं) जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे.

हिशेबवही:

पैशांचं मी लिहितो. इथे आल्यावर भारतातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं. पीपीएफ असेल तर ते १५ वर्षांची मुदत पूर्ण होईपर्यंत चालवता येतं, पुढे वाढवता येत नाही, नवीन काढता येत नाही. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं.

जे ठाऊक नसतं ते असं: तुम्ही जर्मनीत करदाते झालात की जगभरचं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. भारतातल्या मुदत ठेवीचं व्याज, भाडं, म्युच्युअल फंड, सगळं. भारतात कर कापला गेला म्हणून इथे लपवायचं नसतं. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्यानुसार व्याजावर भारतात जास्तीत जास्त १० टक्के लागतात आणि ते इथल्या करातून वजा होतात. त्यासाठी फिनान्झआम्टकडून (इथलं कर कार्यालय) रहिवासाचा दाखला घेऊन भारतातल्या बँकेला द्या, नाहीतर एनआरओवर ३० टक्के आणि वर अधिभार कापला जातो.

आरोग्यविमा हा त्याहून मोठा निर्णय. पगार २०२६ च्या ७७,४०० च्या मर्यादेवर असेल तर खासगी विमा घेता येतो, तरुण माणसाला तो स्वस्त दिसतो आणि एजंट मागे लागतात. मी कळकळीने सांगतो, ज्याला इथे कुटुंबासकट राहायचं आहे त्याने सरकारी क्रांकनकासेतच राहावं. तिथे कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळे पैसे न भरता विम्यात येतात. खासगीत प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा, वयाबरोबर वाढणारा, आणि ५५ नंतर परतीचा दरवाजा जवळपास बंद. माझ्या एका स्नेह्यांना साठीला आल्यावर हे कळलं.

आणि पेन्शन. ६० महिने वर्गणी झाली की इथल्या पेन्शनचा हक्क निर्माण होतो. भारत आणि जर्मनी यांचा सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडचा काळ हक्कासाठी जोडून धरता येतो. मधेच परत गेलात तरी हे कागद फेकू नका.

शुश्रूषा:

इथे सगळे आयटीचे दिसतात, म्हणून एक नर्स म्हणून लिहिते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावागावांतल्या मुली मला विचारतात. आमचं गणित वेगळं आहे. आधी आनेरकेनुंग, म्हणजे शिक्षणाला इथली मान्यता. तिच्यात कमतरता निघाली तर रुग्णालयात राहून पुरवणी प्रशिक्षण करायचं किंवा थेट ज्ञानपरीक्षा द्यायची. बहुतेक राज्यं बी२ (बी१ च्या पुढची पायरी) जर्मन मागतात. मान्यता येईपर्यंत पगार मदतनीसाचा मिळतो. या मधल्या काळात किती महिने जातील आणि करार मोडला तर किती रक्कम परत मागतील, हे सही करण्यापूर्वी कंत्राटात वाचा. माझ्याबरोबरच्या एका मुलीच्या कंत्राटात ती अट होती, तिला ती कुणी समजावून सांगितली नव्हती. दोन वर्षं ती नको असलेल्या जागी रडत राहिली.

नवप्रवासी:

आई-बाबांना कधी आणता येईल का? मी एकुलता एक आहे.

अबोली:

तुमच्यासाठी दार उघडं आहे, आमच्यासाठी नाही. ज्यांना कुशल कामगाराचा परवाना १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला त्यांना आई-वडिलांना आणता येतं, जोडीदारही इथे असेल तर सासू-सासऱ्यांनाही. आम्ही आधी आलेले, आम्हाला ती सोय नाही. पण अडचण आरोग्यविम्यात येते. सरकारी विम्यात ते तुमच्या नावाखाली येत नाहीत आणि त्या वयात परवान्याला चालेल असा खासगी विमा मिळणं कठीण आणि फार महाग. आधी विम्याचा लेखी प्रस्ताव मिळवा, मगच आई-बाबांशी बोला. आशा लावून मागे घेणं त्यांना सोसत नाही.

हिशेबवही:

पुढचा प्रश्न नागरिकत्वाचा येणारच. २७ जून २०२४ पासून पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जर्मनी आता जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. पण भारताचा १९५५ चा कायदा तसाच आहे. जर्मन नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करून समर्पणाचा दाखला घ्यावा लागतो, मग ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड. ओसीआयवर मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी सवलत ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली, तिच्या भरवशावर कुणी बसू नये.

मी पीआरवरच थांबलो आहे. सातबाऱ्यावर नाव आहे आणि कधी भारतात परत राहायला गेलो तर अजून थोडी जमीन घ्यायची इच्छा आहे. बाहेर राहत असताना शेतजमीन भारतीय पासपोर्टवरही विकत घेता येत नाही.

चांदणवेल:

मी अर्ज केला आहे. मुलं इथल्या शाळेत, इथल्या भाषेत वाढली. जिथे ती मतदान करणार तिथे मलाही करायचं आहे. पासपोर्ट जमा करायचा दिवस आला की खूप रडेन, हे मला आत्ताच माहीत आहे. तरीही अर्ज केला आहे.

नवप्रवासी:

शेवटचा प्रश्न, मुक्कामपोस्ट ताई. पीआर मिळाल्यावर भारतात जास्त दिवस राहावं लागलं तर?

मुक्कामपोस्ट:

सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की पीआर आपोआप संपतो, कुणी पत्र पाठवून सांगत नाही. ब्ल्यू कार्डवर असताना १२ महिने चालतात, म्हणजे पीआरवर मुदत उलट कमी होते, आणि इथेच लोक फसतात. दाउअरआउफेन्टहाल्ट-ईयू हा कायम परवान्याचा दुसरा, युरोपीय संघाचा प्रकार पाच वर्षांनी मिळतो. त्यात युरोपीय संघाबाहेर १२ महिने राहता येतं, आधी ब्ल्यू कार्डवर असलेल्यांना २४. ज्यांचे आई-वडील थकलेले आहेत त्यांनी तो जरूर घ्यावा, साधा पीआर असतानाही मागता येतो.

मला हे माहीत आहे कारण मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन होतं. निघण्यापूर्वी मी आउसलेंडरबेहोर्डेला लेखी अर्ज केला, रुग्णालयाच्या पत्राचं जर्मन भाषांतर जोडलं आणि परतीची मुदत वाढवून मागितली. ती लेखी मिळाल्यावरच तिकीट काढलं. हा अर्ज जाण्याआधीच करायचा असतो. मी साडेसात महिने बाबांजवळ राहिले आणि विमानतळावर ते पत्र दाखवून आत आले. ते पत्र अजूनही पासपोर्टच्या पाकिटातच आहे.